नगावर मोजलेला उजेड

1945 च्या वसंतात बुडापेस्टला लागून असलेल्या ऊयपेश्त या गावात दिव्यांचा एक मोठा कारखाना मुळापासून उपटला जात होता. तिथली लढाई संपली होती, इमारती बऱ्याचशा उभ्या होत्या. पण सोव्हिएत लष्कराने युद्धाची भरपाई म्हणून यंत्रांचे बोल्ट सोडवले, तारेचे साठे पेट्यांत भरले आणि प्रयोगशाळेतली उपकरणंही उचलली. रेल्वेच्या शेकडो वाघिणी भरून हा माल पूर्वेकडे गेला. मागे उरल्या भिंती, थोडी मोडकी यंत्रं आणि ती यंत्रं कशी चालवायची हे ठाऊक असलेली माणसं. पुढे चाळीस वर्षं हा कारखाना सरकारच्या ताब्यात कसा चालला हे समजून घ्यायचं तर या माणसांकडेच पाहावं लागतं. कागदावर मालक बदलले, पुढारी बदलले, योजना बदलल्या. दिवा मात्र शेवटपर्यंत त्यांच्याच हातून बाहेर पडत राहिला.

कारखान्याचं हंगेरियन नाव लांबलचक आहे. तिथले लोक त्याला नुसतं ‘इझ्झो’ म्हणत. आपणही तेच म्हणू. 1896 मध्ये ही कंपनी स्थापन झाली. बाहेरच्या जगात तिचे दिवे ‘टुंग्सराम’ या छापाने ओळखले जात. 1904 च्या डिसेंबरात शांदोर युश्त आणि फ्रान्यो हानामान या दोघांनी टंगस्टनच्या तारेचं पेटंट घेतलं आणि इझ्झोने ते उचललं. त्याआधीच्या दिव्यांत कोळशाची तार असे. ती लालसर जळे आणि वीज खाई. टंगस्टन वितळायला 3400 अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागतं, त्यामुळे त्याची तार पांढरी होईपर्यंत तापवता येते. ऊयपेश्तच्या कारखान्याचं नशीब या धातूशी बांधलं गेलं.

1922 मध्ये कंपनीने स्वतःची संशोधनशाळा काढली. औद्योगिक संशोधनशाळा ही तेव्हा युरोपातही विरळ गोष्ट होती आणि युद्ध हरून दोन तृतीयांश भूभाग गमावलेल्या हंगेरीत तर फारच धाडसाची. पाल तुरी आणि तिवादार मिलनर यांनी तिथे मोठ्या स्फटिकांचं टंगस्टन तयार केलं. साधी तार तापून तापून लोंबते आणि तुटते, ही आपला आकार टिकवते. इम्रे ब्रोडी या भौतिकशास्त्रज्ञाने दिव्यात आर्गॉनऐवजी क्रिप्टॉन भरण्याची कल्पना मांडली. क्रिप्टॉन जड वायू आहे; त्यात तारेवरचा धातू सावकाश उडतो आणि उष्णताही कमी वाया जाते. अडचण अशी, की हवेच्या दहा लाख भागांत क्रिप्टॉन जेमतेम एक भाग असतो. तो स्वस्तात वेगळा काढण्याची रीत बसवावी लागली, आणि 1937 मध्ये आयका या गावी त्याचा कारखाना सुरू झाला. ब्रोडी ज्यू होते. 1944 च्या डिसेंबरात म्यूलडॉर्फच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. कंपनीचे सर्वेसर्वा लिपोत आश्नर यांनाही त्याच वर्षी जर्मनांनी माउथहाउझेनला नेलं होतं; ते वाचले. वाघिणी भरून यंत्रं गेली त्याच्या काही महिने आधी कारखान्याने अशी माणसं गमावली होती. ही हानी मला यंत्रांच्या हानीहून मोठी वाटते.

उरलेल्यांनी काय केलं? संशोधनशाळेचे प्रमुख झोल्तान बाय आणि त्यांचे सहकारी युद्धाच्या काळात रडारवर काम करत होते. उपकरणं गेली, ती त्यांनी पुन्हा जुळवली. 6 फेब्रुवारी 1946 रोजी त्यांनी ऊयपेश्तहून चंद्राकडे रेडिओलहरी सोडल्या आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपला. अमेरिकी लष्कराने हेच महिनाभर आधी साधलं होतं, पण त्यांच्या हाताशी अमेरिकेचा सगळा साठा होता. बाय यांच्याकडे इतका ताकदवान रिसीव्हर नव्हता. परत येणारा संदेश इतका क्षीण, की एकाच प्रयोगात तो गोंगाटात बुडून जाई. म्हणून त्यांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून प्रत्येक वेळचा संदेश विद्युत-अपघटनाच्या छोट्या नळ्यांत साठवला. नळीत जमलेल्या वायूची पातळी वाढली, म्हणजे प्रतिध्वनी खरा. खगोलशास्त्रात पुढे फार उपयोगी पडलेली ही साठवणीची युक्ती एका लुटलेल्या दिव्यांच्या कारखान्यात साकारली. दोन वर्षांनी बाय यांनी देश सोडला.

कारण तोवर देश बदलला होता. 1948 च्या मार्चअखेर शंभरहून अधिक कामगार असलेले कारखाने एका हुकमाने सरकारजमा झाले. 1949 च्या डिसेंबरात लहान कारखाने आणि परकीयांची मालकी असलेले उद्योगही गेले. या लाटेत इझ्झो राज्याचा झाला. एक गमतीची वाटावी अशी, पण व्यवहाराने भाग पाडलेली गोष्ट म्हणजे कंपनीच्या नावापुढची ‘भागभांडवल कंपनी’ ही अक्षरं समाजवादी काळातही पुसली गेली नाहीत. परदेशात ‘टुंग्सराम’ या नावाला किंमत होती, आणि ती किंमत जुन्या कायदेशीर अंगरख्याला चिकटलेली होती.

आता कारखान्याच्या आत जाऊ. साठ वॉटचा साधा दिवा हा बाजारातला सर्वांत स्वस्त माल. तो बनवणं मात्र स्वस्त डोक्याचं काम नाही. टंगस्टन वितळवून ओतता येत नाही. त्याच्या ऑक्साइडमधून हायड्रोजनच्या साहाय्याने करडी भुकटी काढतात, ती दाबून कांडी करतात, कांडीतून प्रचंड वीज सोडून ती घट्ट करतात, मग तापलेली असतानाच ठोकत ठोकत बारीक करतात. पुढे ती एकाहून एक लहान भोकांतून ओढली जाते. शेवटची भोकं हिऱ्यात पाडलेली असतात. साठ वॉटच्या दिव्यातली तार माणसाच्या केसाहून बारीक आणि सरळ केली तर सुमारे अर्धा मीटर लांब भरते. तिची एक गुंडाळी करतात, त्या गुंडाळीची पुन्हा गुंडाळी करतात, आणि अर्धा मीटर दोन-तीन सेंटिमीटरांत बसतो. गुंडाळताना मध्ये मॉलिब्डेनमची तार धरलेली असते. ती नंतर आम्लात विरघळवतात. ओढताना तार एखाद्या जागी एक टक्का जरी बारीक झाली, तरी दिव्याचं आयुष्य चतुर्थांशाने घटू शकतं. डोळ्यांना हा दोष दिसत नाही.

मग काचेचं काम. शिशाच्या काचेची नळी तोंडाशी पसरवायची, तिच्यात वीज आत नेणाऱ्या दोन तारा आणि हवा ओढायची बारीक नळी बसवायची, ज्वाळेत मऊ करून चिमटायची. त्या खुंटीच्या टोकाला मॉलिब्डेनमचे बारीक आकडे रोवायचे, त्यांवर गुंडाळी टांगायची, टोकं दाबून पक्की करायची. ही जोडणी काचेच्या गोळ्यात घालून गोल फिरत्या यंत्रावर वितळवून बंद करायची. हवा ओढायची, वायू भरायचा, नळी जाळून मिटवायची, पितळी टोपी चिकटवायची, डाख द्यायचा, आणि दिवा पेटवून पाहायचा. यातली बरीच कामं यंत्रं करत, पण यंत्राला खाऊ घालायला, आकड्यावर गुंडाळी नीट बसवायला आणि खराब नग डोळ्यांनी वेचायला माणूस लागे. हा माणूस बहुधा बाई असे. जोडणीच्या खात्यात तर बायकाच बायका. गॅसच्या ज्वाळांची धग आणि यंत्राने ठरवलेला वेग यांच्यामध्ये बसून आठ तास चिमट्याने काम करायचं. हत्यारखान्यातले, यंत्रं घडवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर बहुतेक पुरुष. त्यांना मजुरी जास्त, मानही जास्त. नव्या राज्याने समानतेची भाषा केली. ही उतरंड मात्र तशीच राहिली.

नवं राज्य आलं ते नगावरची मजुरी घेऊन. मुंबईच्या गिरण्यांत वाढलेल्या कुणाला हे नवं वाटणार नाही, पण कामगारांच्या राज्यात ती इतकी कडक होईल अशी अपेक्षा ऊयपेश्तच्या कामगारांनी केली नसावी. जुन्या समाजवादी चळवळीत वाढलेल्या हंगेरियन कामगारांच्या मनात नगावरची मजुरी म्हणजे मालकाचं हत्यार होतं. आता तीच मजुरी ‘कामाप्रमाणे दाम’ म्हणून आली. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागावीत हे ठरलेलं. त्याला नॉर्म म्हणत. नॉर्म शंभर टक्के भरला तर पगार, ओलांडला तर वाढीव, कमी पडला तर कपात. 1949 च्या डिसेंबरात स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त देशभर ‘स्टालिन पाळी’ पाळली गेली आणि विक्रमांची चढाओढ सुरू झाली. इझ्झोतही या चढाओढीतून एक राष्ट्रीय वीर निघाला: रंधायंत्रावर काम करणारा इग्नात्स पिओकर. पंचवार्षिक योजनेतलं आपल्या वाट्याचं काम तो मुदतीच्या कितीतरी आधी संपवत असल्याच्या बातम्या छापून येत.

पिओकर कुशल कामगार होता याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण विक्रमासाठी हाताशी माल तयार लागतो, हत्यारं धारदार लागतात, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीवाला धावत यावा लागतो. ज्याचं नाव वर्तमानपत्रात येणार त्याला हे सगळं मिळे. शेजारच्या यंत्रावरचा माणूस माल येण्याची वाट पाहत बसे आणि त्याचा नॉर्म बुडे. वर या विक्रमांचे आकडे दाखवून 1950 च्या उन्हाळ्यात देशभर नॉर्म एकदम घट्ट केले गेले. कालपर्यंत जितक्या कामाला शंभर टक्के म्हणत, तेवढंच काम केल्यावर आज पाकीट हलकं निघू लागलं. कामगारांनी यावर जे केलं ते जगातल्या प्रत्येक नगावरच्या कारखान्यात करतात: वेळ मोजणारा घड्याळवाला समोर उभा असताना हात सावकाश चालवायचे, जमलेली युक्ती सांगायची नाही, आणि नॉर्मच्या फार वर जायचं नाही.

टंचाईने या यंत्रणेला तिचा खरा आकार दिला. दिव्याला लागणाऱ्या वस्तू पाहा: धातुक, हायड्रोजन, शिशाची काच, तांबं चढवलेली तार, पितळ, राळ, कथील, आर्गॉन, गॅस. यातली एक अडली की पुढची सगळी ओळ थांबते. बाजारात ती वस्तू जास्त दाम देऊन आणता येत नव्हती. ती मंत्रालयाच्या वाटपातूनच यायची, आणि सरकारचं सगळं लक्ष पोलाद, कोळसा आणि शस्त्रांकडे. त्यामुळे महिन्याचे पहिले दिवस रिकामे जात. नगावर मजुरी असलेल्या बाईच्या दृष्टीने रिकामा दिवस म्हणजे बुडालेली कमाई. मग माल येई, महिनाअखेर जवळ आलेली असे, आणि सुरू होई धावपळ: जादा तास, रविवारची पाळी, खराब नगांकडे कानाडोळा. हंगेरीभरच्या कारखान्यांत महिनाअखेरीच्या या हल्ल्याला नावच पडलं होतं. योजना गाठल्याचा अहवाल वर गेला की पुन्हा पहिल्या आठवड्याची शांतता. सरासरीने पाहिलं तर उत्पादन वाढताना दिसे. त्या सरासरीखाली एकाच बाईचा एक आठवडा उपाशी आणि एक आठवडा अंगावर येणारा असे.

कमाईतून आणखी काही कापलं जाई. 1949 पासून सरकारी कर्जरोखे निघू लागले. पुढे त्यांना ‘शांतता कर्ज’ म्हणत. नाव ऐच्छिक, पण खात्यात नोंदवही घेऊन येणाऱ्याला नकार देणं सोपं नव्हतं. हप्ते पगारातून जात. 1951 मध्ये साखर, पीठ, चरबी, मांस यांच्यावर पुन्हा रेशन आलं. वर्षअखेर ते उठलं तेव्हा भाव भडकले होते. परवानगीशिवाय नोकरी सोडणं हा गुन्हा ठरला. 1949 ते 1952 या काळात हंगेरियन कामगारांची खरी कमाई सुमारे पाचव्या भागाने घसरली. याच वर्षांत देशात अवजड उद्योगाचं उत्पादन झपाट्याने वाढलं. एकाच काळाचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की 1956 चा शरद ऋतू अचानक उगवला असं म्हणता येत नाही.

23 ऑक्टोबर 1956 रोजी बुडापेस्टमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि रात्रीपर्यंत त्याचं बंड झालं. दुसऱ्याच दिवशी, 24 तारखेला, इझ्झोमध्ये कामगार परिषद निवडली गेली. देशातल्या अगदी पहिल्या परिषदांपैकी ही एक. काही दिवसांत कारखान्यामागून कारखान्यात परिषदा उभ्या राहिल्या. त्यांनी व्यवस्थापन आपल्या हाती घेतलं, माणसांवर पाळत ठेवणारी कर्मचारी-खाती बंद केली, नॉर्मच्या पद्धतीला हात घातला. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे दुसऱ्यांदा आले आणि रस्त्यावरची लढाई काही दिवसांत मोडली. सरकार पडलं, त्याचे पंतप्रधान इम्रे नॉज युगोस्लाव वकिलातीत अडकले, यानोश कादार यांचं सरकार रणगाड्यांच्या मागून आलं. अशा वेळी लोकांच्या बाजूने बोलणारं एकच काहीतरी शिल्लक होतं: कारखाने.

ऊयपेश्तच्या क्रांतिकारी समितीने शहरातल्या सगळ्या कामगार परिषदांना 13 नोव्हेंबरला नगरभवनात बोलावलं. आदल्या रात्री समितीचे लोक पकडले गेले आणि नगरभवनाला वेढा पडला. तरीही प्रतिनिधी हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी, 14 नोव्हेंबरला, ते इझ्झोमध्ये जमले आणि तिथे बृहद् बुडापेस्टची मध्यवर्ती कामगार परिषद जन्माला आली. दिव्यांच्या कारखान्याच्या आत. दोन दिवसांनी तिचा अध्यक्ष झाला शांदोर रात्स: टेलिफोन उपकरणांच्या कारखान्यातला हत्यारं घडवणारा कारागीर, वय 23. त्याच कारखान्यातला शांदोर बाली त्याच्या बरोबरीने उभा राहिला. त्यांच्या मागण्यांत सोव्हिएत फौजा परत जाव्यात, नॉज यांचं सरकार यावं, संप करण्याचा हक्क असावा, हे होतंच. पण त्यांना जुने मालक परत नको होते. कारखाने समाजाचेच राहावेत, फक्त ते खरोखर कामगारांनी चालवावेत. आठ वर्षं ज्या राज्याने त्यांना ‘तुम्ही मालक आहात’ असं सांगितलं होतं, त्याच राज्याकडे ते ती मालकी मागत होते. विसाव्या शतकातल्या युरोपातल्या कामगार चळवळीत इतकी सरळ आणि इतकी सचोटीची मागणी मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

कादार सरकार काही आठवडे त्यांच्याशी बोलत राहिलं. 21 नोव्हेंबरला देशव्यापी परिषद भरायची होती; सभागृहाला रणगाड्यांनी वेढलं आणि ती होऊ दिली नाही. 9 डिसेंबरला मध्यवर्ती परिषद बेकायदा ठरवली गेली. 11 डिसेंबरला संप सुरू असताना रात्स आणि बाली यांना चर्चेसाठी संसदेत बोलावून तिथेच अटक झाली. रात्सला जन्मठेप झाली. 1963 च्या माफीत तो सुटला. उरलेल्या कारखान्यांतल्या परिषदा 1957 च्या नोव्हेंबरात कायद्याने गुंडाळल्या गेल्या.

पण कादार यांनी एक धडा नीट घेतला होता: कामगारांच्या पोटाला हात लावायचा नाही. मजुरी वाढली, नॉर्म सैलावले, शांतता कर्ज संपलं. पुढची तीन दशकं इझ्झोत विक्रमवीरांची गरज उरली नाही. 1960 च्या दशकात बुडापेस्टमध्ये हात मिळेनासे झाले तेव्हा कारखाना राजधानीबाहेरच्या लहान शहरांकडे गेला. ग्यॉन्ग्यॉशला अर्धवाहकांचा, कापोशवारला इलेक्ट्रॉन-नळ्यांचा, आणि 1965 मध्ये दूर नैर्ऋत्येला नाद्यकनिझाला दिव्यांचा कारखाना सुरू झाला. शेतावर किंवा घरात राबलेल्या हजारो बायकांची ही पहिली पगारी नोकरी. 1967 पासून मुलाच्या संगोपनासाठी घरी राहणाऱ्या आईला दरमहा भत्ता मिळू लागला, नोकरी शाबूत राहू लागली. तीन पाळ्यांतल्या बाईला त्याचं मोल काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्या व्यवस्थेवर टीका करताना ही गोष्ट वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पैशांचा हिशेब मात्र विचित्रच राहिला. 1968 च्या सुधारणांनी कारखान्यांना नफा पाहायला सांगितलं, पण पगार हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून सरकार कारखान्याच्या सरासरी पगारावर लगाम ठेवी. सरासरी ओलांडली की जबर कर. चांगल्या कारागिराला टिकवण्यासाठी जास्त द्यायचं तर सरासरी वर जाते. मग उपाय? कमी पगाराची, फारशी गरज नसलेली माणसं भरायची, म्हणजे सरासरी खाली येते. देशभरच्या कारखान्यांनी हे केलं. हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नई यांनी 1980 मध्ये टंचाईवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तोट्यातल्या कारखान्याला सरकार बुडू देत नाही, त्यामुळे कुणी काटकसर करत नाही, हे मांडलं. रिकाम्या हातांनी फुगलेला कारखाना आणि तरीही कामाला माणूस मिळत नाही अशी तक्रार, या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली कशा राहतात हे त्यांच्या विवेचनाने समजतं.

यंत्रासमोर उभं राहून ही व्यवस्था कशी दिसते, हे मिक्लोश हारास्ती या तरुण कवीने लिहिलं. तो बुडापेस्टच्या ‘लाल तारा’ ट्रॅक्टर कारखान्यात 1971 मध्ये नगावर काम करत होता. एकाच वेळी दोन यंत्रं चालवल्याशिवाय जगण्यापुरती मजुरी पदरात पडत नाही आणि सुरक्षेचे नियम पाळले तर नॉर्म भरत नाही, हे त्याने मिनिटांच्या हिशेबाने दाखवलं. त्याच्यावर खटला झाला, स्थगित शिक्षा झाली, पुस्तक परदेशात छापलं गेलं. त्यात एक प्रकरण कामगार कारखान्यात चोरून स्वतःसाठी बनवतात त्या वस्तूंवर आहे: टाकाऊ तुकड्यांतून केलेली किल्ली, राखदाणी, अंगणातल्या फाटकाची बिजागरी. त्यात मजुरी नाही, नॉर्म नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वस्तू आपल्या हातून आणि आपल्या मनाप्रमाणे घडते. इझ्झोच्या हत्यारखान्यातल्या कारागिराला हे वाचून कोणतंच नवल वाटलं नसतं.

राज्याने अखेर ही ओढ ओळखली, पण ती पैशात बदलली. 1982 पासून कारखान्यातल्या कामगारांना पाळी संपल्यावर आपापसांत गट करून त्याच कारखान्याचं काम ठेक्याने घेण्याची परवानगी मिळाली. तीच माणसं, तीच यंत्रं, बहुधा तोच माल. दुपारी दोनपर्यंत कामगार, दोननंतर ठेकेदार. फरक इतकाच, की दुपारनंतरच्या कामाचा दर कामगारांनी स्वतः बोलून ठरवलेला असे आणि तो सकाळच्या कितीतरी पट असे. दुपारनंतर काम चोख आणि वेगाने होई, म्हणजे कसब होतंच. आळशी कामगारांमुळे समाजवादी कारखाने मागे पडले, हे मत आजही ऐकू येतं; या एका प्रयोगानंतर ते टिकत नाही. शरीराला मात्र याची किंमत मोजावी लागली. दिवसाला बारा-चौदा तास काम करणारी एक पिढी त्या दशकात तिथे घडली, आणि मध्यमवयीन हंगेरियन पुरुषांचा मृत्युदर त्याच काळात वाढत होता.

आणि दिवे कसे निघत? समाजवादी कारखान्यांतले दिवे वर्षानुवर्षं टिकत आणि भांडवलदारांनी मात्र मुद्दाम लवकर जळणारे दिवे विकले, असं पुष्कळदा सांगतात. यातला अर्धा भाग खरा आहे. 1924 मध्ये जिनिव्हात जगातल्या प्रमुख दिवे कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचं संगनमत केलं, दिव्याचं आयुष्य 1000 तासांवर बांधलं आणि जास्त टिकाऊ दिवे काढणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. टुंग्सराम त्या संगनमतात होती. युद्धात ते मोडलं, कारखाना राज्याचा झाला, तरी साध्या दिव्याचं मानक 1000 तासांच्या आसपासच राहिलं. यामागे भौतिकशास्त्र आहे. तार थोडी थंड ठेवली तर दिवा कितीतरी जास्त जगतो, पण तितक्याच विजेत उजेड कमी देतो. विजेचा दाब पाच टक्क्यांनी वाढवला तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. दिव्याच्या आयुष्यभरात तो जितकी वीज खातो तिच्यापुढे दिव्याची किंमत नगण्य, त्यामुळे फार टिकाऊ आणि मंद दिवा वापरणाऱ्याला महाग पडतो. संगनमताचा गुन्हा भाव आणि बाजार वाटून घेण्यात होता. 1000 तासांच्या आकड्यामागे मात्र काही अंशी खरी गणितं होती. ऊयपेश्तच्या अभियंत्यांना ती ठाऊक होती. शिवाय त्यांचा बराच माल पश्चिम युरोपात रोख चलनासाठी विकला जाई आणि तिथे मानकाबाहेरचा दिवा चालला नसता. निर्यातीच्या या गरजेनेच इझ्झोची गुणवत्ता पूर्व युरोपातल्या इतर कारखान्यांहून वर ठेवली असं मला वाटतं. मंत्रालयाच्या आदेशांनी ते कधीच साधलं नसतं. दिवे बनवणारी यंत्रंही इझ्झो स्वतः घडवून परदेशात विके. 1945 मध्ये जे हत्यारखान्यातले कारागीर मागे उरले होते, त्यांच्या शागिर्दांचं हे काम.

1980 च्या दशकात कर्ज वाढलं, यंत्रं जुनी झाली. कारखान्याचा मोठा हिस्सा एका हंगेरियन बँकेकडे आला होता. 1989 च्या वसंतात ऑस्ट्रियातल्या गिरोझेन्त्राले या बँकेने सुमारे निम्मे समभाग 11 कोटी डॉलरना घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बर्लिनची भिंत पडत असताना, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने 15 कोटी डॉलर देऊन बहुमताचा हिस्सा विकत घेण्याचा करार केला. भागभांडवल कंपनीची ती जुनी अक्षरं आता कामी आली. विकायला समभाग तयार होते. तेव्हा टुंग्सराममध्ये सुमारे 18 हजार माणसं होती. चार-पाच वर्षांत त्यांतली जवळपास निम्मी कमी झाली. सरासरी पगार खाली ठेवण्यासाठी एकेकाळी ज्यांना भरती केलं होतं, आणि राजधानीबाहेरच्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्यातला पहिला पगार घेतला होता, त्यांच्यावर हा घाव पडला. राष्ट्रीयीकरण जसं वरून झालं होतं तशीच ही विक्रीही वरून झाली: बोलणी दोन बँका, सरकार आणि एका अमेरिकी कंपनीत झाली. शांदोर रात्स तेव्हा 56 वर्षांचा होता.